सेल्युलर ऑटोमाटाने घडवलेला क्रेन ब्रॅकेट: नाशिकमधील एका डिझाइन सेवेचा अनुभव

सातपूर औद्योगिक वसाहतीतील आमच्या शेडमध्ये क्रेनचा गॅन्ट्री गर्डर (जिच्यावरून क्रेन धावते ती तुळई) पेलणारे एकसारखे ब्रॅकेट बसवायचे होते, आणि प्रत्येकामागे थोडे पोलाद वाचले तरी एकूण फरक मोठा पडणार होता. म्हणून गंगापूर रोडवरील एका स्ट्रक्चरल सल्लागार कार्यालयाची सेल्युलर ऑटोमाटावर, म्हणजे शेजाऱ्यांकडे पाहून स्वतःत बदल करणाऱ्या पेशींच्या जाळ्यावर, आधारलेली डिझाइन सेवा घेतली.

ब्रॅकेटसाठी उपलब्ध असलेली सगळी जागा संगणकावर लहान पेशींत, म्हणजे चौकटींत, विभागली जाते. प्रत्येक पेशी आपल्या आणि शेजारच्या पेशींमधील विकृती-ऊर्जेची (भाराने आकार बदलताना द्रव्यात साठणाऱ्या ऊर्जेची) सरासरी पाहते. ती ठरवलेल्या पातळीपेक्षा जास्त असेल तर तेथे द्रव्य वाढते, कमी असेल तर घटते. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात अँड्रेस तोवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाडांच्या पुनर्रचनेच्या अभ्यासातून ही संकरित पद्धत मांडली. ‘संकरित’ अशासाठी की केवळ शेजाऱ्यांकडे पाहणाऱ्या पेशींना दूरच्या आधारापर्यंतचा बलांचा मार्ग कळायला फार फेऱ्या लागतात, त्यामुळे बलांची वाटणी दर फेरीत फायनाइट एलिमेंट विश्लेषणातून, म्हणजे संपूर्ण रचनेचे छोटे तुकडे करून एकत्र केलेल्या गणितातून, काढतात. कार्यालयाने हा प्रवास पडद्यावर फेरीगणिक दाखवला, प्रश्नांना न कंटाळता उत्तरे दिली, आणि हीच या सेवेची सर्वांत मोलाची बाजू आहे.

पहिला आराखडा मात्र स्वीकारण्याजोगा नव्हता. त्यात फक्त उभा भार धरला होता. ट्रॉली थांबताना गर्डरवर येणारे आडवे बल सुटले होते. ते घातल्यावर आकारात एक तिरकी फांदी नव्याने उगवली, म्हणजे आधीचा सडपातळ, देखणा आकार अपुऱ्या माहितीवर उभा होता. शिवाय विकृती-ऊर्जेच्या नियमाला बारीक फांदीचे बकलिंग (दाबाखाली एकाएकी बाजूला वाकणे) दिसत नाही, आणि वारंवार येणाऱ्या भाराने वेल्डला येणारा थकवाही दिसत नाही. या दोन्ही तपासण्या आयएस 800:2007 या पोलादी बांधकामाच्या भारतीय कोडप्रमाणे वेगळ्या कराव्या लागतात. थकव्यासाठी त्यात स्वतंत्र विभाग 13 आहे. कार्यालयाने त्या केल्या, पण आम्ही मागितल्यावर. प्लाझ्मा कटिंगला सोयीचे व्हावे म्हणून वळणदार कडा सरळ करतानाही वाचलेल्या पोलादाचा काही भाग परत गेला.

तरीही एकाच नगाच्या अनेक प्रती लागणार असतील तर ही सेवा घ्यावी. तयार आयएसएमबी विभागांतून (बाजारात मिळणाऱ्या आय-आकाराच्या प्रमाणित तुळयांतून) होणाऱ्या साध्या मेझनाइनसाठी, म्हणजे शेडमधल्या पोटमाळ्यासाठी, तिचा खर्च वसूल होणार नाही. काम देताना सर्व भारस्थितींची यादी लेखी घ्यावी आणि अंतिम आकारावरील कोडप्रमाणे तपासणी शुल्कातच धरली आहे का, हे आधी विचारून घ्यावे.