स्लॅब २ : खोलीच्या फाइलआधी अनिश्चिततेची फाइल उघडा

एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो त्या निमज्जन क्षेत्रांचा, म्हणजे सबडक्शन झोनचा, त्रिमितीय आकार देणारे ‘स्लॅब २’ हे प्रारूप अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केले असून ते कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. २०१२ च्या ‘स्लॅब १.०’ मध्ये नसलेले मकरान, म्हणजे इराण-पाकिस्तानच्या किनाऱ्यालगतचे निमज्जन क्षेत्र, या आवृत्तीत आले, आणि अरबी समुद्राच्या काठावर राहणाऱ्याला एवढे कारण ते उघडून पाहायला पुरेसे आहे.

प्रत्येक क्षेत्रासाठी खोली, उताराचा कोन, दिशा, जाडी आणि अनिश्चितता अशा पाच ग्रिड फाइली मिळतात. जाळीतील अंतर ०.०५ अंश, म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेत सुमारे साडेपाच किलोमीटर. क्यूजीआयएस किंवा जीएमटी या नकाशे काढण्याच्या संगणकप्रणालींमध्ये त्या विनासायास उघडतात. फक्त रेखांश ० ते ३६० असे मोजलेले आहेत आणि खोली उणे चिन्हाने येते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या कॅस्केडिया या निमज्जन क्षेत्रासाठी मी सवयीने उणे १२५ अंश दिले आणि नकाशा कोरा आला. २३५ दिल्यावर ओरेगॉनच्या किनाऱ्याखाली उतरत जाणारा पट्ट नीट दिसला.

नीट दिसला, आणि खटकले ते नेमके हेच. हा पृष्ठभाग भूकंपांच्या नाभी (भूकंप जिथे उगम पावतो ती भूगर्भातील जागा), सागरी भूकंपीय छेद आणि भूकंपलहरींवर आधारित इतर निरीक्षणे एकत्र करून, मधल्या मोकळ्या जागा गणिताने भरून काढलेला आहे. त्यामुळे माहिती विरळ असली तरी रेषा गुळगुळीतच येते. कॅस्केडियाच्या मुख्य भ्रंशावर भूकंप फार थोडे नोंदले जातात, आणि समुद्राखालच्या उथळ भागात तर नाभींचा आधार जवळजवळ नाहीच. २०२१ मध्ये ‘मार्कस जी. लँगसेथ’ या संशोधन जहाजाने एअरगनचे ध्वनिस्पंद सोडत आणि १५ किलोमीटर लांबीची हायड्रोफोनची, म्हणजे पाण्यातील ध्वनी टिपणाऱ्या यंत्रांची, तार मागे ओढत ४१ दिवस याच पट्ट्याचे सर्वेक्षण केले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार खाली जाणारा पट्ट किमान चार खंडांत विभागलेला आहे, आणि वॉशिंग्टन राज्यालगतचा खंड इतरांपेक्षा सपाट आहे. भूकंपाची फाटणी कुठवर धावेल हे अशा सांध्यांवर अवलंबून असू शकते, आणि त्यासाठी २०१८ ची जाळी अपुरी पडते. हा प्रारूपाचा दोष म्हणण्यापेक्षा त्याच्या तारखेचा आणि आधारसामग्रीचा परिणाम म्हणणे अधिक न्याय्य होईल.

सुमात्रासारख्या भूकंपबहुल क्षेत्रात, शेकडो किलोमीटर खोलीपर्यंतचा ढोबळ आकार हवा असेल, तर याहून सोयीचे विनामूल्य साधन माझ्या वापरात आलेले नाही. अध्यापनासाठी आणि प्राथमिक त्सुनामी प्रारूपासाठी मी ते निःसंकोच सुचवेन. मकरानच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा लागतो. नोव्हेंबर १९४५ मध्ये तिथल्या ८.१ तीव्रतेच्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत पोहोचली होती; तरीही पश्चिमेकडचा, इराणच्या बाजूचा भाग भूकंपांच्या दृष्टीने शांत आहे आणि समुद्रतळावर गाळाचे जाड थर आहेत. तिथला उतार मंद असल्याने खोलीत काही किलोमीटरची चूक झाली, तरी भ्रंशाची जागा आडव्या अंतरात कितीतरी अधिक सरकते. मुंबईसाठी लाटेचा अंदाज बांधणाऱ्याने म्हणून या एकाच पृष्ठभागावर गणित चालवू नये; अनिश्चिततेच्या फाइलमधील मर्यादेत तो वरखाली करून तेच गणित पुन्हा चालवावे.