जुन्या बोटीचं रिगिंग घ्यावं का? स्वेज, उघडणारं टर्मिनल आणि टर्नबकल

पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढली की डोलकाठी उतरवून तारा तपासायला निवांत वेळ मिळतो. नेमकं त्याच सुमारास कुणीतरी आपली जुनी बोट मोडीत काढत असतं आणि पोतंभर रिगिंग, म्हणजे डोलकाठी उभी धरणाऱ्या तारा आणि त्यांचं जोडसामान, स्वस्तात देतो म्हणून फोन करतं. नवं सामान बाहेरून मागवायचं तर वाहतूक आणि कस्टम ड्यूटी धरून आकडा असा होतो की शीड गुंडाळून गप्प बसावंसं वाटतं. मग पोतं घ्यायचं का?

घ्यावं, पण त्यातलं निम्मं भंगारात जाणार हे धरूनच भाव करावा. ठेवायचं काय आणि टाकायचं काय, हे ठरवायची माझी कसोटी एकच आहे: वस्तू उघडून आतून पाहता येते का?

हिशोबासाठी 26 फुटी बोट धरू. डोलकाठीला पुढून-मागून धरणारी तार म्हणजे स्टे, बाजूने धरणारी म्हणजे श्राउड. पुढचा स्टे, मागचा स्टे, दोन वरचे श्राउड आणि चार खालचे, म्हणजे 8 तारा, 16 टोकं आणि 8 टर्नबकल (तार ताणायचे आट्यांचे जोड). तार 5 मिमीची, 1×19 विणीची (19 सुट्या धाग्यांची), 316 प्रतीच्या स्टेनलेसची. अशी तार साधारण 2 टनांच्या ताणाला तुटते. तार जुनी घेऊच नये. ती आतून किती थकली आहे ते कळत नाही, आणि दुसऱ्याच्या डोलकाठीची मापं आपल्याला लागूही होत नाहीत. प्रश्न उरतो टोकांचा आणि टर्नबकलचा.

तारेच्या टोकाला बसवायचा जोड म्हणजे टर्मिनल. त्यातल्या स्वेज प्रकारात तारेवर नळी चढवून ती यंत्रात इतकी दाबतात की दोन्ही एकजीव होतात. नवं असताना हे काम सुबक, हलकं आणि उघडणाऱ्या टर्मिनलपेक्षा स्वस्त पडतं. पण ते एकदाच वापरायचं. तार काढून त्याच नळीत नवी बसवता येत नाही. म्हणजे पोत्यातलं स्वेज घ्यायचं तर जुन्या तारेसकट घ्यावं लागतं, आणि तिथेच ते बाद होतं.

तरीही मोह होतो, कारण बाहेरून ते चकचकीत दिसतं. खरी गंमत आत असते. खारं पाणी तारेवरून ओघळत खालच्या टर्मिनलच्या तोंडात शिरतं आणि तिथेच साचतं. स्टेनलेसला गंजरोधक साय टिकवायला प्राणवायू लागतो, आणि साचलेल्या पाण्यात तो मिळत नाही. धातू आतून खात जातो आणि एके दिवशी नळीवर उभा, केसाएवढा तडा दिसतो. आपल्याकडच्या उकाड्यात हे काम थंड देशांपेक्षा लवकर उरकतं. ‘डीपी टेस्ट करून घेऊ की’, असं एका मित्राने सुचवलं होतं. डीपी म्हणजे डाय पेनिट्रंट, रंगाने तडा शोधायची चाचणी. लाल रंग मारायचा, थांबायचं, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर मारायचा, म्हणजे तड्यात शिरलेला रंग रेघ होऊन वर येतो. चाचणी उत्तम आहे, पण पृष्ठभागापर्यंत आलेलाच तडा ती दाखवते. नळीच्या पोटातलं तिला दिसत नाही.

आता उघडणारं टर्मिनल: स्टा-लॉक, नॉर्समन, हाय-मॉड ही त्यातली ब्रँडची नावं. यात तारेचे बाहेरचे 12 धागे उलगडायचे, आतल्या 7 धाग्यांच्या गाभ्यावर एक छोटा सुळका चढवायचा, धागे पुन्हा त्याच्याभोवती बसवायचे आणि दोन पान्यांनी आवळायचं. ताण वाढेल तसा सुळका आणखी घट्ट रुततो. पहिलं टर्मिनल बसवायला मला अख्खी दुपार लागली होती, कारण एक धागा सारखा सुळक्याच्या फटीत पडायचा. चौथं अर्ध्या तासात झालं.

जुनं घ्यावं असं टर्मिनल हेच. व्हाइसमध्ये धरून उघडा, आतलं जुनं सील खरवडून काढा, भिंगाखाली आटे आणि तळ बघा. बारीक खड्डे, ओढले गेलेले आटे किंवा वाकलेला दांडा दिसला तर टाकून द्या. उरलेल्यांची डीपी टेस्ट करा. इथे ती खऱ्या अर्थाने उपयोगी पडते, कारण आतली बाजूही उघडी असते. सुळका मात्र दर वेळी नवाच घालायचा. जुन्यावर आधीच्या तारेचे चर उमटलेले असतात. पूर्ण टर्मिनलच्या मानाने सुळक्याची किंमत किरकोळ असते. एका कंपनीचा सुळका दुसऱ्याच्या टर्मिनलमध्ये चालत नाही, आणि 1×19 साठीचा 7×7 च्या (7 धाग्यांच्या 7 पेडांच्या) तारेलाही नाही. नॉर्समनचे सुळके मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. म्हणून पोत्यात नॉर्समन दिसलं तर आधी सुळक्यांची सोय लावा, मगच पैशांचं बोला.

खिसा अगदीच रिकामा नसेल तर मी मधला मार्ग घेतो: वरच्या टोकाला नवं स्वेज, खाली तपासलेलं जुनं उघडणारं टर्मिनल. वरच्या नळीचं तोंड खाली असतं, त्यामुळे पाणी निथळून जातं. शिवाय खालचं टोक हातानेच बसवायचं असल्याने तारेचं माप जागेवर घेता येतं. दोन्ही टोकं स्वेज करून आणायची तर माप चुकल्यास ती तार वाया जाते.

टर्नबकल जुना घ्यायला माझी हरकत नाही, विशेषतः पितळी छटेचा, ब्राँझच्या बॉडीचा. स्टेनलेसच्या आट्यात स्टेनलेसचा दांडा ताणाखाली फिरवला की दोन्ही एकमेकांना चिकटून बसतात. ब्राँझमध्ये ही कटकट फारशी नसते. उघड्या बॉडीचा असेल तर आटे आत किती शिरलेत तेही दिसतं. दोन्ही दांडे पूर्ण बाहेर काढून बघा, सपाट काचेवर लोळवून वाकलेत का पाहा. 3/8 इंची आणि 10 मिमीचा आटा डोळ्याला सारखाच वाटतो. बळजबरी केली तर दोन्ही वाया. मुंबईत दारूखान्याच्या भंगार बाजारात वजनावर मिळणारे जाडजूड टर्नबकल जहाजाच्या मालासाठीचे असतात. ते बघायला मजा येते, 26 फुटी डोलकाठीवर मात्र त्यांचं काम नाही. टॉगलचं, म्हणजे टर्नबकलच्या टोकाच्या हलत्या सांध्याचं, भोक लांबट झालं असेल तर टॉगल टाका.

जोडातून आरपार घालायच्या क्लेव्हिस पिना आणि त्या निसटू नयेत म्हणून लावायच्या स्प्लिट पिना नव्याच घ्या. त्यावर विचार करण्यात वेळ घालवू नका.

तारेऐवजी डायनीमाच्या, म्हणजे अतिमजबूत कृत्रिम धाग्याच्या, दोराचं नाव हल्ली बरेच जण घेतात. तो हलका असतो आणि गुंफण घरी करता येते, पण ऊन, घासणं आणि हळूहळू लांबत जाणं यांचा वेगळा हिशोब मांडावा लागतो. तोही जुना घेऊ नये.

मुंबईहून मांडव्याला जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला तपासलेली जुनी टर्मिनल आणि नवी तार हे मी बेधडक सुचवेन. लक्षद्वीपच्या दिशेने निघायचं असेल तर वरचे दोन श्राउड आणि पुढचा स्टे यांची दोन्ही टोकं नवी घ्या, आणि उघडणारं एक जादा टर्मिनल, दोन सुळके व सर्वात लांब स्टेइतकी तार बोटीवर ठेवा. समुद्रात एखादं स्वेज गेलं तर तिथे बसवता येईल असं तेवढंच असतं. विमा असेल तर पोत्याचे पैसे देण्याआधी पॉलिसी काढून रिगिंगच्या वयाची अट वाचा.