ग्रामीण रस्त्याला पैसा कुठून: केंद्राची योजना की राज्याची?

महाराष्ट्रातील गावरस्त्यांच्या दर्जोन्नतीसाठी प्रामुख्याने दोन वाटांनी निधी येतो. 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेचा खर्च आरंभी पूर्णपणे केंद्र उचलत असे. आता आपल्या राज्यात त्याची केंद्र आणि राज्य यांच्यातील विभागणी 60:40 आहे. 2015 मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री ग्रामसडक योजना मात्र राज्याच्या तिजोरीतून चालते.

केंद्राच्या निकषांत सपाट प्रदेशात 500 आणि डोंगराळ व आदिवासी भागांत 250 लोकसंख्येची अट असल्यामुळे विखुरलेल्या लहान वाड्या यादीबाहेर राहिल्या, तसेच जोडणी मिळूनही खडी उघडी पडलेले अनेक रस्ते वर्षानुवर्षे दुरुस्तीची वाट पाहत राहिले. ही उणीव भरून काढण्यासाठीच राज्याची योजना आली आणि म्हणूनच ती मला अत्यंत मोलाची वाटते.

तरीही केंद्राच्या योजनेची शिस्त अधिक भक्कम आहे. तिच्या रस्त्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या फलकावर कामाच्या खर्चाबरोबरच पुढील पाच वर्षांच्या देखभालीची रक्कमही वर्षवार लिहिलेली असते. पहिल्या पावसात मोरी तुंबली, साइडपट्टी खचली आणि डांबराची कड तुटू लागली, तर ग्रामस्थ त्या आकड्यावर बोट ठेवून जाब विचारू शकतात. तपासणीही तीन स्तरांवर होते.

निवड करायचीच झाली, तर निकषात बसणाऱ्या गावाने आधी केंद्राच्या यादीचा पाठपुरावा करावा; वाडी-पाड्यांसाठी राज्याचाच निधी मागावा.