चेपलेलं नाणं ‘लखी’ म्हणून विकलं : नाणी जमवणाऱ्यांनी जरूर वाचा

पाच रुपयांच्या जुन्या जाड नाण्याची ‘लखी’, म्हणजे टाकसाळीतच चुकीचं छापलं गेलेलं नाणं, म्हणून मी एका ऑनलाइन विक्रेत्याला साडेचार हजार रुपये मोजले. हातात आलं ते चेपून बिघडवलेलं साधं नाणं. असा माल सध्या पुष्कळ फिरतोय आणि नव्यानं छंदाला लागलेली पोरं खाऊचे पैसे साठवून तो घेतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

लखी होते ती टाकसाळीत. छापून झालेलं नाणं कधीकधी बाहेर न पडता ठशालाच चिकटून राहतं. पुढची कोरी चकती आली की तिच्या त्या बाजूवर ठशाऐवजी चिकटलेल्या नाण्याचा दाब बसतो. म्हणून खऱ्या लखीवर एका बाजूला सिंह उठावात असतील, तर दुसऱ्या बाजूला तेच सिंह खोलगट आणि आरशात दिसावेत तसे उलटे असतात. ‘5’ हा आकडा तिच्यावर असूच शकत नाही, कारण तो उमटवणारा ठसा चकतीपर्यंत पोचलेलाच नसतो.

माझ्या नाण्यावर आकडा होता. खोलगट सिंहांच्या खालून तो अर्धवट डोकावत होता. पलीकडच्या बाजूला सिंहांची आयाळ सपाट झालेली, कडही दबलेली. दोन नाणी एकमेकांवर ठेवून व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, आवळली की नेमकं असं होतं. विक्रेत्यानं फोटो पाठवला होता तो फक्त खोलगट बाजूचा, तोही तिरप्या उजेडातला. जाब विचारल्यावर म्हणाला, “भाऊ, हे मशीनमध्ये दोनदा ठोकलंय.” साफ खोटं. ठसा दोनदा बसला तरी चित्र उठावातच आणि सुलटच येतं.

त्याच पार्सलात ‘पातळ चकतीचं’ म्हणून आणखी एक पाच रुपयांचं नाणं होतं. या तांबं-निकेलच्या नाण्याचं ठरलेलं वजन 9 ग्रॅम आणि व्यास 23 मिलिमीटर. माझ्या काट्यावर ते 7.2 भरलं. चकती मुळात पातळ असती, तर व्यास तरी पुरा भरला असता. इथे व्यासही कमी, अक्षरं बारीक झालेली आणि सगळा पृष्ठभाग खरखरीत. हे ॲसिडचं काम. वापरानं झिजलेलं नाणं वेगळं दिसतं : आधी उंच भाग गुळगुळीत होतात, खोलगट जागी मूळ कोरीवपणा बराच टिकतो.

रुळावर ठेवलेलं नाणं पसरून लांबट होतं. तेही ‘एरर’, म्हणजे टाकसाळीची चूक, म्हणून विकायला असतं.

पैसे परत मागितले, तेव्हा त्यानं दुसराच डाव टाकला : ही नाणी लाखात विकून देतो, रिझर्व्ह बँकेची नोंदणी फी तेवढी भरा. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारात पडत नाही आणि त्यासाठी कुणाकडून फी किंवा कमिशनही घेत नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये तिनं लोकांना तसं जाहीरपणे बजावलंही आहे. मी पैसे भरले नाहीत. 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, चॅट आणि पैसे पाठवल्याची पावती जोडली.

त्याचं जुनं खातं बंद झालंय. नव्या नावानं तेच फोटो पुन्हा दिसतात आणि सोबत आता दहा रुपयांचं, मधली चकती उलटी बसवलेलं नाणं आहे. ते पाहाल तेव्हा दोन धातूंच्या सांध्यावर भिंग धरा. चकती ठोकून काढून परत बसवली असेल, तर तिथे ओरखडे आणि फट दिसते.