नखावरची काळी रेघ : नजर ठेवावी की बायोप्सी करावी?

नखाच्या मुळापासून टोकापर्यंत गेलेली काळी किंवा तपकिरी रेघ म्हणजे मार लागून साकळलेले रक्त नव्हे, एवढे ठरल्यावर पुढे सहसा दोनच वाटा उरतात. एक म्हणजे डर्मोस्कोपखाली (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या उजेडाच्या भिंगाखाली) पाहून दर ३ ते ६ महिन्यांनी पुन्हा पाहत राहणे, आणि दुसरी म्हणजे नखाच्या मुळातील पेशींचा तुकडा काढून तपासणे, म्हणजेच बायोप्सी. प्रश्न असतो तो मेलानोमाचा, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाचा. रक्ताचा निकाल बहुधा नख स्वतःच लावते. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढत असल्यामुळे साकळलेला डाग पुढे सरकतो व त्याच्यामागे स्वच्छ नख येते, रंगद्रव्याची रेघ मात्र मुळाला चिकटलेलीच राहते.

नजर ठेवण्याची वाट भित्र्यांची आहे, असे मी म्हणणार नाही. आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांत अनेक नखांवर फिकट पट्टे असणे ही काही फार दुर्मीळ गोष्ट नाही. बी-१२ची कमतरता, काही औषधे किंवा सततचे घर्षण यांमुळेही ते उमटतात, आणि लहान मुलांमधील रेघा तर बहुतेक वेळा निरुपद्रवी निघतात. अशा ठिकाणी सुरी लावण्याची घाई मला तरी पटत नाही. आधी रक्त तपासून घ्यावे. उलट रंग नखाबाहेर पडून मुळाशी असलेल्या कातडीवर पसरला असेल, तर निवडीचा प्रश्नच उरत नाही, बायोप्सी करावीच लागते. जोनाथन हचिन्सन या इंग्रज शल्यचिकित्सकाच्या नावाने हे लक्षण ओळखले जाते. अर्थात, पारदर्शक कातडीतून खालचा रंग नुसता दिसत असेल, तर तो पसरलेला नसतो, आणि हा फरक डॉक्टरांनीच पाहायचा असतो.

अवघड आहे ती मधली स्थिती : प्रौढ वय, एकच बोट, नव्याने उमटलेली एकच रेघ, आणि बोटही अंगठा, म्हणजे मेलानोमाच्या बाबतीत ज्याच्याकडे अधिक संशयाने पाहिले जाते तेच. माझी रेघ ३ मिलिमीटरपेक्षा अरुंद होती, कडा बऱ्यापैकी नीट होत्या, आणि दोन्ही वाटा माझ्यापुढे सारख्याच प्रामाणिकपणे ठेवल्या गेल्या होत्या. साहजिकच मी आधी बिनदुखी वाट धरली.

नजर ठेवण्याची सगळी भिस्त मागच्या चित्राशी तुलना करण्यावर असते, आणि माझे घोडे नेमके तिथेच अडले. ओपीडीत दर वेळी निवासी डॉक्टर नवे. केसपेपरवर ‘पट्टा, बदल नाही’ एवढीच नोंद, आणि आधीचा फोटो ज्या डॉक्टरांच्या मोबाइलमध्ये होता ते दुसऱ्या विभागात गेलेले. पुढच्यांनी निराळ्या उपकरणातून पाहिले, तेव्हा तीच रेघ मला अधिक गडद वाटली. घरी मी नखाशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढू लागलो, पण ट्यूबलाइटमध्ये रेघ राखाडी आणि खिडकीपाशी तपकिरी दिसे. कॅमेरा किंचित कलला तरी रुंदीत फरक पडे. बदल रेघेत झाला की फोटोत, हे मला सांगता येईना, आणि जे खात्रीने सांगू शकले असते त्यांच्याकडे जुने चित्रच नव्हते.

बायोप्सीविषयीची खरी भीती नख कायमचे दुभंगण्याची असते, आणि ती निराधार नाही. पंचने, म्हणजे गोल पात्याच्या उपकरणाने, आरपार गोल तुकडा काढला, तर नखाला उभी चीर राहू शकते. मुळाचा वरचा पातळ थर सपाट खरवडून घेण्याच्या पद्धतीत हा धोका पुष्कळ कमी असतो. रंग मुळाच्या कोणत्या भागातून येतो, यावरही बरेच अवलंबून असते. नखाचे टोक समोरून पाहिल्यावर रंग जाडीच्या खालच्या भागात दिसला, तर तो मुळाच्या पुढच्या भागातला असतो, आणि तिथे विद्रूपता कमी येते. माझा तसा होता; वरच्या भागात असता तर मी कदाचित आणखी रेंगाळलो असतो.

बोट बधिर करण्याच्या सुया सर्वांत जास्त दुखल्या. नंतर बुडाशी रबरी पट्टा बांधून नखाचा मागचा भाग डब्याच्या झाकणासारखा उचलला, तेव्हा फक्त ओढ जाणवत होती. रात्री ठणका होता, हात उशीवर उंच ठेवल्यावर तो सुसह्य झाला. नवे नख आले त्यावर एक बारीक उंचवटा राहिला असून लोकरीच्या कपड्यात तो अजूनही अडकतो. अहवालात रंगपेशींची संख्या वाढलेली नव्हती, त्या फक्त अधिक सक्रिय झाल्या होत्या, म्हणजे मेलानोमा नव्हता.

ज्यांना एकच डॉक्टर कायम पाहतात आणि डर्मोस्कोपची चित्रे तारखेनिशी जपून ठेवतात, त्यांनी थांबण्यात मला काही गैर दिसत नाही. ही सोय नसेल आणि रेघ वर सांगितल्यासारखी एकटी असेल, तर माझा कौल सपाट बायोप्सीकडे झुकतो. मात्र तुकडा फार पातळ किंवा रेघेच्या एका कडेचाच निघाला, तर निदान अर्धवट राहू शकते, आणि नखाच्या मेलानोमाची सुरुवातीची अवस्था सूक्ष्मदर्शकाखालीही चटकन ओळखू येत नाही. म्हणून काढलेला नखाचा भाग तुकड्यासोबत पाठवणार का, आणि तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टना नखाचे नमुने पाहण्याचा सराव आहे का, हे दोन प्रश्न तारीख ठरवण्याआधीच विचारून घ्यावेत.