यामाहा पीएसआर-एसएक्स७०० चा स्टाइल क्रिएटर: केरवा बसवायचा तर

यामाहाचा पीएसआर-एसएक्स७०० हा की-बोर्ड बाजारात आला २०१९ मध्ये. तयार स्टाइल्स (आपोआप वाजणाऱ्या साथीचे नमुने) ४००, पण अभंग, भावगीत किंवा लावणीला साथ करणाऱ्याच्या कामी येतील अशा त्यात थोड्याच. त्यामुळे इथे एवढंच पाहू की केरव्यासारखा (आठ मात्रांचा) आपला ठेका आपणच बसवायला हा की-बोर्ड कितपत साथ देतो. साथ तो चांगली देतो, मात्र आवर्तनाचं, म्हणजे ठेक्याच्या एका पूर्ण फेरीचं, गणित आधी मांडावं लागतं.

मेनूतून स्टाइल क्रिएटर (स्वतःची स्टाइल बनवायची सोय) उघडला की साथीतल्या वाद्यांचे आठ चॅनल दिसतात: रिदमचे दोन, बेस, कॉर्डचे दोन, पॅड आणि फ्रेजचे दोन. सेक्शन, म्हणजे गाण्याच्या टप्प्यांसाठीचे भाग, एकूण १५: इंट्रो तीन, मेन चार, फिल-इन (मध्येच वाजणारी छोटी भर) चार, एक ब्रेक आणि एंडिंग तीन. सगळे भरायची गरज नाही. मेन ए, मेन बी, त्यांचे फिल आणि एक एंडिंग एवढ्यावर मैफल निभते.

आता खरी मेख. मेन सेक्शन १ ते ३२ बारचा (४/४ मध्ये एक बार म्हणजे चार बीट) करता येतो, पण फिल-इन एकाच बारचा असतो, तो वाढत नाही. केरव्याची एक मात्रा म्हणजे एक पूर्ण बीट असं धरलं, तर आठ मात्रांचं आवर्तन ४/४ च्या दोन बारमध्ये पसरतं. मग पहिल्या बारमध्ये फिल दाबला की तो बार संपल्यावर मेन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. खालीचा (आवर्तनाचा दुसरा, हलका) अर्धा भाग गळतो आणि गायकाची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, चुकते. यावर उपाय एकच: पूर्ण आवर्तन एका बारमध्ये बसवा. केरवा ४/४ च्या एका बारमध्ये, दर मात्रा अर्ध्या बीटची. सहा मात्रांचा दादरा ६/८ च्या एका बारमध्ये. केरव्यात टेम्पो १०० दिसत असला तरी मिनिटाला २०० मात्रा जातात, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

तबल्याच्या आवाजासाठी यामाहा एक्सपान्शन मॅनेजर (संगणकावरचं सॉफ्टवेअर) वापरून भारतीय वाद्यांचा पॅक पेनड्राइव्हवरून टाकावा लागतो. की-बोर्डमध्ये अशा पॅकसाठी जागा सुमारे ४०० एमबी. नवा पॅक टाकला की आधीचा पुसला जातो, म्हणून हवे ते सगळे पॅक संगणकावर एकत्र बांधून एकदाच टाका.

रेकॉर्डिंग करताना तबला रिदम १ वर आणि डग्गा रिदम २ वर ठेवा. दोन्हीकडे किट (तालवाद्यांच्या आवाजांचा संच) एकच असलं तरी चालतं. फायदा असा की हॉलमध्ये डग्गा घुमायला लागला तर तेवढाच कमी करता येतो. बार फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीत थोडे थोडे बोल भरत जायचं. आधी धा गे ना ती, ना क धिं ना एवढा उघडा ठेका, भरीचे बोल नंतर. पाचव्या मात्रेपासून खाली, तिथे ना क वर डग्गा घुमवू नका. तिथेही तो घुमला तर ठेका सपाट होतो आणि ऐकणाऱ्याला सम सापडत नाही. क्वांटाइझ (बोल नेमक्या जागी सरकवणारी सोय) १०० टक्के लावू नका. ६०–७० टक्क्यांवर हात सरळ होतो आणि झोलही राहतो.

सुरांच्या चॅनलमध्ये बहुतेकांचं घोडं अडतं. मूळ नमुना सी मेजर सेव्हन (सी, ई, जी, बी) या कॉर्डमध्ये वाजवायचा असतो, की-बोर्ड तो बाकीच्या कॉर्डमध्ये फिरवतो. मेन आणि फिलमध्ये बेस व फ्रेजसाठी सी, डी, ई, जी, ए, बी एवढेच स्वर घ्या, कॉर्ड व पॅडसाठी फक्त सी, ई, जी, बी. एफ घुसला की पुढे मायनर कॉर्ड धरल्यावर भलताच सूर लागू शकतो. इंट्रो-एंडिंगला हे बंधन नाही.

कॉर्ड बदलला की स्वर कसे सरकायचे हे ठरवणाऱ्या एनटीआर नावाच्या सेटिंगमध्ये बेसला रूट ट्रान्स द्या, कॉर्डला रूट फिक्स्ड. पहिल्यात स्वरांमधलं अंतर जसंच्या तसं राहून सगळं वर सरकतं, दुसऱ्यात कॉर्डचे स्वर जवळच्या जवळ बदलतात. पियानो उगाच उड्या मारत असेल तर दोष इथेच असतो. बेस फार वर जात असेल तर हाय की (कॉर्डच्या मूळ स्वराची वरची मर्यादा) एफवर आणा. मग एफ शार्पपासून पुढचे कॉर्ड एक सप्तक खाली वाजतात.

तानपुऱ्यासाठी पॅड चॅनल घ्या, रूट फिक्स्डसोबत एनटीटी (कॉर्डनुसार स्वर बदलणारा तक्ता) बायपास ठेवा. कॉर्ड कोणताही धरा, षड्ज हलत नाही. भारतीय संगीतासाठी या यंत्रातली सर्वांत मोलाची सोय हीच, आणि तिचा वापर फार कमी होतो. हा षड्ज सीवर असतो. गायकाची काळी एक (सी शार्प) असेल तर ट्रान्सपोज +१ करा, म्हणजे सगळं अर्धा स्वर वर जाईल आणि बोटं पांढरी एकमध्येच (सीवर) राहतील.

तिहाई (तीनदा वाजून समेवर संपणारा तुकडा) एंडिंगमध्ये घालताना एक बार जास्त धरा. शेवटचा धा समेवर, म्हणजे पुढच्या बारच्या पहिल्या बीटवर पडतो. एकच बार ठेवला तर तो धाच कापला जातो.

उणिवा आहेतच. सात इंची टचस्क्रीनवर स्टेप एडिटमध्ये (रेकॉर्ड केलेले बोल यादीत दाखवणाऱ्या पानावर) एकेक बोल हलवणं डोळ्यांना त्रासाचं आहे. सेव्ह न करता दुसरी स्टाइल निवडली की केलेलं काम जातं. एक्सपान्शनच्या आवाजात केलेली फाइल मित्राला दिली आणि त्याच्याकडे तो पॅक नसेल, तर तबला तबल्यासारखा वाजणार नाही.

याच मालिकेतल्या वरच्या एसएक्स९०० ला एक्सपान्शनची जागा १ जीबी आहे. ढोलकी, पखवाज, टाळ असे बरेच पॅक हवे असतील तरच तिकडे वळा. नुसत्या स्टाइल क्रिएटरसाठी जास्त पैसे घालायची गरज नाही.