क्वालकोडर: मराठी मुलाखतींच्या कोडिंगसाठी कितपत कामाचं?

समुपदेशनात गुणात्मक संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षक हमखास विचारतात, ‘ही थीम तुम्ही कशावरून काढली? दुसऱ्या कुणी त्याच मुलाखती वाचल्या तर तेच निघेल का?’ वर्डमध्ये पिवळा रंग फासून केलेल्या कोडिंगपाशी (कोडिंग म्हणजे मुलाखतीतल्या तुकड्यांना अर्थाची नावं, ‘कोड’, देणं) याचं उत्तर नसतं. क्वालकोडरपाशी बऱ्याच अंशी आहे. हे सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्त स्रोत आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. मजकुरासोबत चित्रं, ऑडिओ आणि व्हिडिओवरही कोड लावता येतात. मेनू मराठीत नाहीत, पण कोडची नावं, व्याख्या, टिपणं सगळं देवनागरीत ठेवता येतं.

खरी मेहनत मजकूर आत घेण्याआधीची आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली मुलाखत आत घेतली की नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा. पीडीएफ शक्यतो टाळा; त्यातून मजकूर काढताना वेलांट्या जागा सोडतात. साधी टेक्स्ट किंवा वर्ड फाइल सर्वात बरी. कोडची जागा अक्षरांच्या क्रमांकावरून नोंदली जाते, त्यामुळे शुद्धलेखन आणि ऑडिओशी पडताळणी कोडिंगच्या आधीच उरका.

मराठीत हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे ‘ऱ्या’. ‘सासऱ्यांनी’ हा शब्द दोन तऱ्हांनी टंकला जातो: कुणी नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरतं, कुणी साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द आहेत. ‘सासर’ शोधलंत तर सासरा, सासरी, सासरचे मिळतील. नुक्त्याचा ‘सासऱ्यांनी’ मात्र निसटेल. क्वालकोडरची ऑटो-कोडिंगची सोय जसाच्या तसा मजकूर जुळवते, तिला सामान्यरूप कळत नाही. उपाय सोपा आहे: आयात करण्यापूर्वी सर्व फाइलींत शोधा-आणि-बदला करून साध्या ‘र’चं एकच रूप ठेवा. ऑटो-कोडिंग फक्त जागा हेरायला वापरा. कोड लावायचा की नाही, हे पूर्ण उत्तर वाचूनच ठरवा.

आता सुसंगतीकडे. समजा, एका उत्तरात वाक्य आहे: ‘घरी सगळं ठीक आहे, फक्त झोप लागत नाही.’ एक जण याला ‘शारीरिक तक्रार’ म्हणेल, दुसरी ‘त्रास झाकणे’. दोघांचं वाचन प्रामाणिकच आहे. खोट कोडबुकात, म्हणजे कोडांच्या व्याख्यांच्या यादीत आहे. क्वालकोडरमध्ये प्रत्येक कोडला मेमो, म्हणजे टिपण, जोडता येतो. त्यात चार गोष्टी लिहाच: व्याख्या, काय धरायचं, काय धरायचं नाही, आणि मुलाखतीतलं एक नेमकं उदाहरण. ‘काय धरायचं नाही’ हा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात आणि निम्मे मतभेद तिथूनच उगवतात.

दोन कोडरांची, म्हणजे कोड लावणाऱ्यांची, तुलना करणारा अहवाल हे या सॉफ्टवेअरचं सर्वात मोलाचं अंग. तो प्रत्येक कोडसाठी सहमतीची टक्केवारी आणि कोहेनचा कप्पा (Cohen’s kappa, योगायोगाने जुळणारा भाग वगळून काढलेला सहमतीचा आकडा) देतो. पण त्यासाठी सेटिंगमध्ये कोडरचं नाव आधी बदलावं लागतं. दोघांनी ‘डिफॉल्ट’ याच नावाने काम केलं तर तुलनाच होत नाही.

हे आकडे वाचायचे कसे, ते नीट समजून घ्या. मोजणी अक्षरागणिक होते. १०,००० अक्षरांच्या मुलाखतीत दोघांनी एकच कोड प्रत्येकी ३०० अक्षरांना लावला आणि त्यांतली १५० अक्षरं सामाईक निघाली, तर सहमती ९७ टक्के दिसते, कारण दोघांनीही हात न लावलेली ९,५५० अक्षरंसुद्धा सहमतीत धरली जातात. कप्पा मात्र ०.४८ येतो. प्रबंधात नुसती टक्केवारी छापणं म्हणूनच दिशाभूल आहे. उलट बाजूही बघा. एकाने निव्वळ वाक्य निवडलं आणि दुसऱ्याने समुपदेशकाच्या प्रश्नासकट परिच्छेद, तर अर्थावर एकमत असूनही कप्पा घसरतो. ‘निवड पूर्ण वाक्याची, प्रश्न वगळून’ असा नियम पहिल्या दिवशीच लिहून ठेवा. दोन-तीन मुलाखतींवर तुलना करा, मतभेदाच्या जागा शेजारी बसून वाचा, मेमो सुधारा, आणि मगच पुढच्या मुलाखतींना हात घाला. सगळं कोडिंग संपल्यावर केलेली तुलना कोडबुक सुधारायला उपयोगाची नाही.

प्रत्येक अभ्यासाला कप्पा लागतोच असंही नाही. ब्राउन आणि क्लार्क या संशोधकांच्या आत्मचिंतनशील थीम-विश्लेषणात संशोधकाची दृष्टी हाच विश्लेषणाचा भाग असतो. तिथे कप्पा देणं म्हणजे पद्धतच न समजणं. क्लारा हिल आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या सहमतीच्या पद्धतीत गट चर्चेतून निर्णयाला येतो आणि गटाबाहेरचा एक संशोधक (ऑडिटर) तो तपासतो. अशा कामात क्वालकोडरमधली रोजनिशी जास्त उपयोगी: कोणता कोड कोणत्या तारखेला का मोडला, कुणाचा आक्षेप काय होता, हे तिथे लिहिता येतं. गाईडसमोर उघडून दाखवायला याहून चांगला पुरावा नाही.

उणिवाही आहेत. दोघांना एकाच वेळी एका प्रकल्पात काम करता येत नाही. आळीपाळीने करावं लागतं, किंवा वेगवेगळ्या प्रतींवर करून प्रकल्प नंतर एकत्र करावे लागतात. दोन कोड एकत्र केले की जुना कोड वेगळा उरत नाही. आपोआप होणाऱ्या बॅकअपवर विसंबू नका. कोडबुक बदललं की प्रकल्पाच्या फोल्डरची तारीख घातलेली प्रत स्वतः काढून ठेवा. एकट्याने आठ-दहा मुलाखती करायच्या असतील आणि तुलना नको असेल, तर टॅगेट हे दुसरं फुकट साधन तासाभरात हाती बसतं, मात्र ऑडिओवर थेट कोड लावायची सोय त्यात नाही.

गोपनीयतेबाबत जराही ढिलाई नको. प्रकल्प म्हणजे एक साधं फोल्डर, त्याला कुलूप नसतं. नावं, गावं, शाळा, नोकरीची जागा आयातीपूर्वीच बदला. नात्याचे शब्द मात्र ‘मोठी जाऊ’, ‘चुलत दीर’ असेच राहू द्या, विश्लेषणाला ते लागतात. खऱ्या-खोट्या नावांची यादी वेगळ्या, पासवर्ड घातलेल्या जागी ठेवा. कृत्रिम बुद्धिमत्तेची सोय आपण चालू केली तरच चालते. बाहेरची सेवा जोडली तर मुलाखतीचा मजकूर तिकडे जातो. संमतिपत्रात तसं स्पष्ट लिहून मुलाखत देणाऱ्याची सही घेतली नसेल, तर ती बंदच राहू द्या.